लाल वस्त्रातली उशी

आमच्या आंबातोमेना गावात एखाद्याला मरून जाताना विणकरीण रानोरोच्या हातचं लाल वस्त्र मिळालं, की लोक म्हणायचे, गेला पण थाटात गेला. तापियाच्या झाडांवरचे रेशमाचे रानकोष वेचायचे, राखेच्या पाण्यात उकळायचे, आतल्या अळ्या तळून पोरांना द्यायच्या, सूत काढायचं, सालीच्या लाल रंगात बुडवायचं आणि मागावर चढवायचं, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला येतं. पण रानोरोचं वस्त्र थडग्याच्या ओलीतही पिढीभर टिकायचं. तिची जीभ तर त्याहून टिकाऊ. बाजारात कुणी कापडाला नाक मुरडलं, की ती फाडकन म्हणायची, "तुला आत्ता कशाला हवंय रे? आधी मर तर खरा, मग बघू." लोक हसायचे आणि कापड घ्यायचे.

अशा बाईला एकच वस्त्र विणायचं नव्हतं. ते तिच्या मुलाचं, फारालाहीचं.

फारालाही या नावाचा अर्थच शेंडेफळ, आणि होताही तो तसाच, लाडोबा. वरची भावंडं पाळण्यातच गेली, बाप तापानं गेला, हा एक रानोरोच्या हाताशी राहिला. तिनं त्याचं लग्न केताकाशी लावलं. केताका कामाला वाघीण आणि बोलायला मुकी, त्यामुळे सासूसुनेचं छान जमलं. एकीनं बोलायचं, दुसरीनं ऐकायचं. भांडण होणार कसं? लग्नाला वर्षही झालं नसेल, तेवढ्यात लढाई आली.

आंबोहिमांगाच्या राजानं दुसऱ्या राजाकडून अंतानानारिव्होची टेकडी घेतली, तीच ती लढाई. आमचा सरदार हरणाऱ्या बाजूला होता. सरदारांना बाजू निवडता येते, त्यांच्यामागून भाला घेऊन चालणाऱ्यांना नाही. गावातून गेलेल्यांपैकी थोडेच परत आले. ते म्हणाले, फारालाही मेला नाही. मानेत लाकडी जोखड घातलेली माणसांची एक ओळ पूर्वेला, किनाऱ्याकडे हाकत नेत होते, तीत तो दिसला. किनाऱ्यावर गोऱ्यांची गलबतं लागतात. तिथून पुढचं कुणी सांगायला परत येत नाही.

आमच्यात विकल्या गेलेल्या माणसाला 'हरवलेला' म्हणतात. शब्द मऊ आहे, पण दुखायचा तेवढा दुखतोच.

आंबोहिमांगाचा राजा मोठा होता, त्यात वाद नाही. टेकडीटेकडीची भांडणं त्यानं मिटवली. जिथं बेडूक ओरडायचे त्या दलदलीला बांध घातले आणि तिथं भात पिकवला. एकटी बाई डोक्यावर टोपली घेऊन निर्धास्त बाजाराला जाऊ लागली. 'समुद्र हा माझ्या शेताचा बांध,' असं तो म्हणाला म्हणे, आणि ते ऐकून आमच्या पुरुषांच्या छात्या फुगल्या. एकटी रानोरो म्हणाली, "बांधापर्यंतचं शेत राजाचं, कबूल. आणि उपटून बांधापलीकडे फेकलेली रोपं, ती कुणाची?" ऐकणाऱ्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि काढता पाय घेतला.

वर्षं गेली. रानोरो रोज भात वाढताना पोराच्या नावानं एक मूद जास्त वाढायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबड्यांना घालायची. फारालाहीची लव्हाळ्याची उशी तिनं घराच्या ईशान्य कोपऱ्यात, पूर्वजांच्या जागी ठेवली होती. लहानपणी तो चुलीशेजारी झोपायचा, तेव्हा ठिणगी पडून त्या उशीचा एक कोपरा जळला होता. गावात सगळ्यांना ती जळकी उशी माहीत होती, कारण त्या रात्री त्यानं सगळं गाव डोक्यावर घेतलं होतं.

पण घरात केताकाही होती. नवरा मेला तर बायको मोकळी होते. नवऱ्यानं माणसांसमोर तिचे आभार मानले, तरी मोकळी होते. आमच्यात बायको सोडतात ती शिव्या देऊन नाही, आभार मानून. केताकाचा नवरा मेलाही नव्हता आणि आभार मानायला हजरही नव्हता. ती मधल्यामधे लटकली होती.

एकदा रानोरो पाणवठ्यावर गेली, तर केताका हसत होती. बांधबंदिस्तीच्या कामावर आलेला रालाई नावाचा एक तरुण काहीतरी सांगत होता आणि ही तोंडाला पदर लावून खुदुखुदु हसत होती. सासूला बघताच तिचं हसू तिथल्या तिथं विझलं. घागर उचलून ती खाली मान घालून घराकडे निघाली. रानोरोला तो रालाई लागला नाही, ते हसणंही लागलं नाही. ते विझणं लागलं. आपल्याला बघून एका तरण्या पोरीचं हसू विझतं, म्हणजे आपण कोण झालो, असं तिच्या मनात आलं आणि दिवसभर गेलं नाही.

त्या थंडीत तिचे मोठे दीर राइनिझाफी घरी आले. घराण्यातले वडीलधारे तेच, घराण्याच्या थडग्याची शिळा त्यांच्याच शब्दानं हलायची. म्हातारा तोंडाचा फटकळ, पण रीतीला पक्का. फारालाहीला खांद्यावर बसवून त्यांनीच वाढवलेलं.

"रानोरो, थडगं उघडतोय," ते चटईवर बसत म्हणाले. "आतल्या आईचं वस्त्र जीर्ण झालं असेल, तिला नवं गुंडाळायचंय. पुन्हा कधी उघडेल कुणास ठाऊक. फारालाहीचा देह नाही, तर त्याच्या जागी त्याची उशी लाल वस्त्रात याच वेळी आत जाऊ दे."

"तो मेला हे कुणी सांगितलं तुम्हांला, भावजी? वाऱ्यानं?"

"आणि जिवंत आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या पोटानं."

"पोट भात मागतं, बाई. बातम्या देत नाही." मग त्यांचा आवाज खाली आला. "मला काय हौस आहे? पण उद्या तू गेलीस, मी गेलो, तर त्याच्यासाठी रडायला कोण उरलं? असाच भटकत राहील तो, उघडा, थंडीत. आणि ती पोर बघ. तिची केसं पांढरी होईपर्यंत तिला खुंटीला टांगून ठेवणार आहेस का?"

कोपऱ्यात केताका तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण हात थांबले. रानोरोनं ते थांबलेले हात पाहिले.

"विणते," ती म्हणाली.

तिनं विणलं. असं वस्त्र तिनं आधी विणलं नव्हतं आणि नंतरही विणलं नाही. मागावर बसलं की तिला रडू यायचं, आणि रडताना धागा ओला होतो म्हणून ती उठून बाहेर जायची, रडून यायची आणि पुन्हा बसायची. उशी आत गेली की पोराची घरी यायची वाट बंद, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. मेलेला म्हणून ज्याला रडलं, त्याला पूर्वज वाट दाखवत नाहीत. ते त्याला आपल्याकडे ओढतात.

केताकाला सोडवायचं होतं आणि पोराची वाटही बंद होऊ द्यायची नव्हती. मग तिनं जे केलं, ते आमच्या मुलखात कुणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तिची स्वतःची उशी दिसायला तशीच होती, लव्हाळ्याचीच. तिनं चुलीतला एक निखारा उचलला आणि आपल्या उशीचा कोपरा नीट, बेतानं जाळला. मग ती उशी लाल वस्त्रात गुंडाळली आणि फारालाहीची उशी माळ्यावर, सुताच्या टोपलीखाली सरकवून दिली.

थडग्यापाशी राइनिझाफींनी वस्त्राची घडी जरा उलगडली, जळका कोपरा पाहिला आणि डोळ्यांवर हात धरला. बायकांनी केस सोडले, फारालाहीच्या नावानं टाहो फोडला. रानोरोही रडत होती, पण तिच्या ओठांवर दुसरंच नाव होतं. 'रानोरो, रानोरो,' असं ती पुटपुटत होती, म्हणजे आतल्यांची गफलत व्हायला नको. ज्याची उशी त्याचंच नाव. तिला वाटलं, माणसं फसली तरी चालतील, पूर्वजांना फसवून कसं चालेल? शिळा लागली. त्या अंधारात आपण जाऊन पडलो, हे त्या गर्दीत तिला एकटीलाच माहीत होतं.

केताका रालाईच्या घरी गेली. रानोरोनंच तिला उंबऱ्यापर्यंत सोडलं आणि रालाईला म्हणाली, "हिला बोलतं करायला जाऊ नकोस. मला इतकी वर्षं जमलं नाही, तुला काय जमणार?" वर्षाच्या आत केताकाला मुलगा झाला. ती त्याला पाठीवर बांधून रोज रानोरोकडे सूत काढायला यायची. आणि रानोरो अजून एक मूद जास्तच वाढत होती. आता तिला स्वतःलाही उशी नव्हती, हात डोक्याखाली घेऊन झोपायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "म्हाताऱ्या माणसाची मान आधीच वाकडी असते, तिला उशी कशाला?"

मग केताकाचं पोर रांगायला लागलं त्या सुगीत रानोरो तापियाच्या रानात कोष वेचत होती. एका झाडाला टेकून एक माणूस बसला होता. हाडांचा सापळा, अंगावर चिंधी. भिकारी असेल म्हणून ती वळसा घालून निघाली, तेवढ्यात तो म्हणाला,

"अळ्या तळल्यास का गं, का अजून कच्च्याच आहेत?"

तिच्या हातातली टोपली पडली. कोष उतारावरून घरंगळत गेले. जवळ जाऊन तिनं आधी त्याची सावली बघितली. सावली होती. मग त्याच्या मानेवरून हात फिरवला. जोखडाचा घट्टा दोन्ही बाजूंना उमटला होता, बैलाच्या मानेवर असतो तसा.

"फारा?"

"हळू, आई. हाडं मोजकीच उरलीयेत," तो हसत म्हणाला, आणि हसता हसता त्याला हुडहुडी भरली. किनाऱ्याचा ताप. आमच्या डोंगरातल्या माणसाला तो एकदा लागला की सोडत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तिला आनंद झाला आणि धडकीही भरली, आणि दोन्ही एकाच छातीत मावेनात.

हरवलेल्या माणसाला वडीलधाऱ्यानं पाणी शिंपडल्याशिवाय गावात घेता येत नाही. म्हणून तिनं त्याला गावाच्या खंदकाबाहेर, जिथं ती सूत रंगवायची त्या खोपटात नेलं. करपलेल्या भाताचं गरम पाणी त्याला घोट घोट पाजलं. त्याला गलबतावर कधी चढवलंच नव्हतं. किनाऱ्यावरच ओझी वाहायला ठेवलं, तो पळाला, जंगलातून चालत राहिला, पडला, उठला, पुन्हा चालला. बस, एवढंच त्यानं सांगितलं. बाकीचं सांगताना त्याचे डोळे फिरायला लागले, तेव्हा तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"आता तू ऐक," ती म्हणाली. "तू मेलायस. तुझं सगळं करून झालंय."

 "वस्त्र कुठलं दिलंस? नाहीतर बाजारातला उरलेला तुकडा खपवला असशील."

"गप रे मेल्या! सगळ्यात चांगलं दिलं." आणि मग तिला राहवलं नाही. उशीची सगळी गोष्ट तिनं त्याला सांगितली. निखाऱ्याची, माळ्याची, पुटपुटलेल्या नावाची. तिला वाटलं, तो हसेल. तो हसला नाही.

"म्हणजे आत तू आहेस," तो म्हणाला. "आणि केताका?"

केताकाचं आणि रालाईचं तिनं सांगितलं. मूल झालं, तेही सांगितलं. त्यानं डोळे मिटून घेतले. कडेनं पाणी आलं, ते तापाचं होतं का दुसरं, तिनं विचारलं नाही.

"उशी माझी नव्हती, तर ती अजून माझीच बायको ना गं आई? बिचारी अजून लटकलेलीच. तिला बोलाव. काकांनाही बोलाव."

राइनिझाफी आले. खोपटाच्या दारातच हा रीतीला पक्का म्हातारा पोरासारखा हुंदके देऊन रडला. "गाढवा," ते म्हणाले, "एवढा वेळ लावतात का यायला?" त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, फारालाहीच्या डोक्यावर, खांद्यांवर, मानेच्या घट्ट्यावर शिंपडलं. "हरवला होतास, सापडलास. तू आमचा आहेस."

"काका, मग मला थडग्यात जागा आहे ना?"

 राइनिझाफी उठून बाहेर आले, रानोरोला खुणेनं बोलावलं. "हा सकाळपर्यंत राहिला तर खूप," ते म्हणाले. "आणि त्याची जागा भरली, रानोरो. त्याच्या नावानं शिळा एकदा उघडून झाली. एका माणसाला आत घ्यायला दोनदा उघडली, तर ती दुसरा जीव मागून घेते. मला बाकीच्यांची पोरंबाळं बघायची आहेत. त्याला उतारावर ठेवावं लागेल, बाहेर. मला हे बोलायला लावू नकोस, पण असं आहे."

बाहेर. वाटसरूला पुरतात तसं. जो जंगलातून मरत मरत चालत आला, तो आपल्या बापाशेजारी पडण्यासाठी आला, आणि तेच त्याला मिळणार नव्हतं. 'ती उशी माझी आहे' हे शब्द तिच्या दातांपर्यंत आले. तेवढ्यात वाटेवर केताका दिसली, पाठीवर पोर, धावत येणारी. रानोरोनं तोंड मिटलं. खरं बोलावं तर ही पोर नवरा जिवंत असताना दुसऱ्याच्या घरी नांदली, असं लोक म्हणणार. न बोलावं तर पोटचा पोरगा कायमचा उघड्यावर पडणार. 

केताका आत गेली आणि फारालाहीच्या पायांशी बसली. बोलणं तिला कधी येत नव्हतं, तेव्हाही आलं नाही.

"इतकी रडू नकोस, पोर घाबरेल," फारालाही म्हणाला. "नाव काय ठेवलंस?"

"अजून ठेवलं नाही. नुसतं बाळ म्हणतो."

"बरं केलंस. नाव नसलं की कुणाला हाक मारून कामाला लावता येत नाही." तो जरा थांबला, दम घेतला आणि राइनिझाफींकडे बघून म्हणाला, "काका, ऐकताय ना? केताका, तू माझ्या घरी भात शिजवलास, माझ्या म्हाताऱ्या आईची बडबड ऐकलीस. मी तुझे आभार मानतो."

"अरे, मेलेल्यानं कशाला आभार मानायचे?" राइनिझाफी डोळे पुसत म्हणाले. "ती केव्हाच मोकळी झाली."

"असू दे, काका. एक गाठ जास्त मारली म्हणून कापड फाटत नाही."

ते सगळे गेल्यावर रानोरोनं माळ्यावरची उशी आणली आणि त्याच्या डोक्याखाली सरकवली. जळक्या कोपऱ्यावर त्यानं बोट फिरवलं. पहाटे, आईचा हात हातात असताना, तो गेला.  ती मात्र त्याच्याशी बोलतच राहिली, दिवस चांगला वर येईपर्यंत, कारण थांबली असती तर तो मेला असता.

पुरुष कुदळी घेऊन उताराकडे निघाले, तेव्हा ती वाटेत आडवी उभी राहिली.

"तिकडे नाही. थडगं उघडा."

"रानोरो, काल मी तुला—"

"त्याच्यासाठी ते कधी उघडलंच नाही, भावजी. आतली उशी माझी आहे."

तिनं सगळं सांगितलं, आवाज न चढवता. असं ती जन्मात पहिल्यांदाच बोलली असेल. राइनिझाफींचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"तू पूर्वजांशी खोटं बोललीस?"

"नाही. त्यांना मी माझंच नाव सांगितलं होतं. खोटं मी फक्त तुमच्याशी बोलले."

कुणीतरी मागून म्हणालं, "आणि केताका? तिचं लग्न—"

"काल त्यानं तिचे आभार मानले. भावजी स्वतः साक्षीला होते."

"ते काल! मूल तर आधीच—"

"मूल रांगतंय बाबा," रानोरो म्हणाली. "त्याला परत पोटात घालणार आहेस का? घाल, जमत असेल तर."  रालाई पुढं आला आणि केताकाशेजारी उभा राहिला, आणि तो विषय तिथंच संपला.

 राइनिझाफींच्या रागाला जागाच सापडेना. "आत जे गेलं ते बाहेर येत नाही," ते शेवटी म्हणाले. "ते माझ्या हातात नाही. ज्याची उशी आत, तो माणूस आत. आणि एकाच माणसाला आत घ्यायला शिळा दोनदा उघडत नाही. कळतंय का तुला, मी काय म्हणतोय?"

"कळतंय."

"तुझ्या माहेरच्या थडग्याला—"

"उघडायला तिथं कोण राहिलंय? भाऊ सगळे पूर्वेला गेले, जोखडात. मला ठाऊक आहे, भावजी. तेव्हाही ठाऊक होतं. चला आता, ऊन चढतंय."

शिळा सरकवली. नवं वस्त्र विणायला वेळ नव्हता, म्हणून रानोरोनं बाजारासाठी विणलेल्यांतलं एक आणलं आणि ते देताना तिला आठवलं, की पोरानं काल हेच म्हटलं होतं, उरलेला तुकडा खपवला असशील. तेव्हा तिचा बांध फुटला. ती तिथंच मातीत बसली आणि ओरडून रडली. फारालाहीचं नाव घेऊन रडली. त्या नावानं तिला याआधी एकदाही रडता आलं नव्हतं.

राइनिझाफी आधी एकटेच आत गेले. लाल वस्त्रातलं ते गाठोडं त्यांनी दाबून पाहिलं. फारालाहीच्या उशीत वाळलं गवत होतं, ते दाबलं की खसखसायचं, त्याला उचलून झोपवताना त्यांनी शंभरदा ऐकलं होतं. हे मऊ होतं. कोषाच्या चोथ्यानं भरलेली उशी, विणकरणीची. त्या दिवशी नुसता कोपरा न बघता एकदा दाबून बघितली असती तर, असं त्यांच्या मनात आलं असणार. पण कोपरा जळका दिसला आणि डोळ्यांत पाणी आलं. रडणारा माणूस काय तपासणार?

संध्याकाळी केताका रानोरोच्या घरी आली. तिनं एक नवी उशी आणली होती, लव्हाळ्याची, आत कोषाचा चोथा दाबून भरलेला. ती तिनं चटईवर ठेवली. मग बोलली, आणि एवढं लांब वाक्य रानोरोनं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"आत्या, तुम्हांला कुठं ठेवायचं मग आम्ही?"

"बांधावर ठेव," रानोरो म्हणाली. "आपल्या शेताच्या. राजाचा बांध फार लांब आहे."

दारात सावली पडली. राइनिझाफी आले होते. ते आत आले नाहीत, उंबऱ्याशीच बसले, आणि बराच वेळ हातातली काठी जमिनीवर आपटत राहिले.

"शिवी द्यायची असेल तर देऊन टाका, भावजी. भात निवतोय."

"शिवी द्यायलाच आलो होतो," म्हातारा म्हणाला. "जमत नाहीये." मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "ते गाठोडं वरच्या फळीवर होतं, आईजवळ. ते मी खाली घेतलं. त्याच्या डोक्याशी ठेवलंय, अगदी लागून. रात्री घाबरतो तो, लहानपणापासून."

  रानोरोनं उठून भात वाढला. दिरांना दिला, केताकाला दिला, स्वतःला घेतला. मग सवयीनं एक मूद जास्त उचलली, आणि पळी हातात तशीच धरून ती उभी राहिली, कारण ती मूद आता कुणाच्या पानात घालायची, हे तिला कळेना.